बंदुकीवरची दोन अक्षरं

“माकडाले इंग्रजी येते, सायेब,” असं आबाजी म्हणत, आणि म्हणून झालं की खांद्यावरच्या बंदुकीचा दस्ता हलकेच थोपटत. लोधीखेड्याकडच्या संत्र्याच्या बगीच्यांची त्यांनी चाळीस वर्षं राखण केली, पण एकही गोळी झाडली नाही. कुणी कारण विचारलं की हे उत्तर ठरलेलं. बंदुकीवर इंग्रजी लिहिलेलं आहे, माकडं ते वाचतात आणि गुपचूप निघून जातात.

असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. तो स्वतःची चेष्टा खुशाल करतो, पण एका जागी थांबतो. यांची ती जागा म्हणजे यांचा बाप. तो गोऱ्या साहेबाच्या पलटणीत शिपाई होता. पलटण मोडली तेव्हा साहेबाने त्याला ही बंदूक दिली, आणि दस्त्यावर त्याचं नाव कोरून दिलं. देवाजी पांडू. डी. आणि पी.

हे मी ऐकलं ते सौसरच्या तहसील कचेरीत. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पांढुर्ण्याहून रोज बसने येणारा नवा बाबू, घरातला पहिला बी.ए. नोकरी अजून कच्ची होती. माझ्याकडे बंदुकांच्या परवान्यांचं टेबल होतं. आबाजी पहिल्यांदा आले तेव्हा “जय भीम” म्हणून नुसते उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली.

“तू बस,” ते म्हणाले. “आपला पोरगा खुर्चीवर बसून राहिला, तेच पाहाले आलो.”

त्यानंतर काम असो नसो, ते येत. कधी टोपलीत चार संत्री, कधी मूठभर हिरवा हरभरा. शिपायाला सांगत, “याले चहा पाजत जा. बी.ए. हाय थो.”

पुढे वरून हुकूम आला की तहसिलीतल्या सगळ्या जुन्या बंदुकांची ओळख नोंदवून पाठवा. आबाजींनी बंदूक माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

“आजवर दुसऱ्याइनं वाचलं. आता आपल्या मानसाच्या तोंडून आयकाचं हाय. वाच.”

दस्त्यावर एक मुकुट होता, खाली काही आकडे आणि दोन ठसठशीत अक्षरं.

“डी. पी.,” मी वाचलं.

“म्हंजे?”

“म्हणजे तुमचे बाबा, आबाजी. देवाजी पांडू.”

अक्षरांचा खरा अर्थ मला ठाऊक नव्हता. फक्त अक्षरं वाचून थांबता आलं असतं. पण त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि मला आपण शिकल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. आमचं राज्य हिंदी, म्हणून दफ्तर हिंदीत चालायचं. मी रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं, “बट पर मालिक के पिता का नाम खुदा है.”

महिन्याभराने छिंदवाड्याहून पोलिसांचे बंदूक दुरुस्त करणारे हवालदार तपासणीला आले. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. बाजूला तहसीलदार साहेब, आणि बंदुका घेऊन आलेली दहा-पंधरा माणसं. हवालदारांनी आबाजींची बंदूक उचलली, खटका मागे ओढला, रजिस्टरातली माझी ओळ वाचली आणि हसू लागले.

“बाप का नाम? अरे, डी. पी. मतलब ड्रिल पर्पज. कवायद की बंदूक है. इसकी पिन पहले से निकली हुई है. इससे गोली चलती ही नहीं.”

माणसं हसली. तहसीलदार साहेबांनी रजिस्टर माझ्यासमोर धरलं. “यह किसने लिखा?”

अक्षर माझं होतं. तरी मी म्हणालो, “साहब, मैंने मना किया था. ये बाबा ज़िद पर अड़ गए.”

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. आपला पोरगा काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नसावं, तसं ते पाहत होते. मग ते साहेबांकडे वळले.

“हां सायेब. मैंनेच बोला, लिखो करके. लडका नहीं-नहीं बोल रह्या था.”

साहेबांनी मला पुढे काही विचारलं नाही. शस्त्र नाही, परवान्याची गरज नाही, असा शेरा पडला. आबाजींनी बंदूक उचलली, पण या वेळी खांद्यावर घेतली नाही. लाकडाचा ओंडका नेतात तशी काखेत धरून ते पायऱ्या उतरले. मी मागे गेलो नाही. साहेब बघत होते.

वर्षभरात माझी नोकरी पक्की झाली. ते पुन्हा आले नाहीत. लोधीखेडा काही लांब नव्हतं. दर रविवारी जायचं ठरवायचो आणि दर रविवारी काहीतरी काम काढायचो.

ते वारल्याचं शिपायाने सांगितलं, तेव्हा मात्र गेलो. त्यांचा मुलगा मोसंबीच्या बगीच्यात मजुरीला जायचा. त्याने मला आदराने खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि शेजाऱ्यांना बोलावून आणलं.

“हेच ते सायेब,” तो त्यांना म्हणाला. “बाबा सांगत ना. ह्याइनं पहिल्याच दिवशी खरं सांगतलं होतं का हे नाव नाही म्हून. बाबाच आयकत नव्हते. मरेस्तोवर म्हनत, आपला पोरगा कोनाले भेत नाही, तोंडावर खरं बोलते.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी पाण्याचा गडू दोन्ही हातांनी धरला आणि मान डोलावली.