नवीन कोणी आहे का?

आमच्या घरात ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात वाळत घालायचे, पापडांसारखे. नवे सेल आणायचे तर दुसरं काहीतरी राहून जायचं. म्हणून माय जुनेच सेल पत्र्यावर ठेवायची, आणि तापले की ते थोडा वेळ तरी आवाज द्यायचे. धुळ्याची आमची बौद्ध वस्ती, एक खोली, वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला. त्यांच्या छातीत कापूस बसलेला. सकाळी घरात आधी त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि मग रेडिओ. मी बी.एस्सी.ला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. मी नेमकं काय शिकते हे घरात कोणाला सांगता यायचं नाही. खरं तर मलाही.

त्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात, दोन परदेशी स्टेशनांच्या मधल्या खरखरीत, एक म्हातारा, दमलेला आवाज सापडायचा. तो रोज सकाळी एकच विचारायचा, "थांबा. नवीन कोणी आहे का?" मग काहीच नाही. इतका वेळ काही नाही, की सेल संपले असं वाटून मी डबा हलवून बघायची. तेवढ्यात तो आवाज परत यायचा, "बरं. मग जुने बोला."

वडिलांना त्या माणसाची कीव यायची. "हा मानूस रोज इचारस, आन् कोनी जबाबच देत नही," ते म्हणायचे. "तू दी दे ना एखाददा." मग मी ट्रान्झिस्टरला तोंड लावून ओरडायची, "आहे, मी आहे!" माय चुलीपासून म्हणायची, "शिकीसन येडी व्हई गई पोर."

तो आवाज म्हणजे आबा. त्यांची नोकरी भुसावळच्या रेल्वे तारऑफिसात कट्टकट्ट करण्यात गेली होती, आणि निवृत्तीनंतर ते पूर्ण वेळ हॅम झाले होते. हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून, घरीच सेट जोडून, केवळ हौसेपोटी एकमेकांशी हवेतून बोलणारी माणसं. कोणी डॉक्टर, कोणी केळीवाला, कोणी मास्तर. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ती सगळी जमत, त्याला नेट म्हणत. इंटरनेट नव्हे, ते आमच्याकडे यायला अजून बरीच वर्षं होती. नेट चालवणारा एक जण असतो. कोणी कोणानंतर बोलायचं हे तो सांगतो. आमच्या खान्देशच्या नेटवर ते आबा सांगत, आणि त्यांचा एकच नियम होता. नवीन माणूस आधी.

हा नियम जुन्यांना अजिबात आवडत नसे. धुळ्याचे नाना म्हणून एक कापसाचे दलाल होते. त्यांचा सेट सगळ्यांत दणदणीत आणि बोलणंही. "आबा," ते म्हणत, "मला दुकान उघडायचं असतं हो. तुमचा नवीन अजून जन्माला यायचाय."

"उघडा ना दुकान," आबा म्हणत. "तुम्हाला बठ्ठे, अख्खा खान्देश ओळखतो. तुम्ही नाही बोललात तरी तुम्ही असताच."

माझे मामा भुसावळला रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होते. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांना घेऊन आबांचं घर शोधलं. शोधायला काही लागलं नाही, कॉलनीत छपरावर एवढ्या तारा एकाच घराच्या. ओट्यावर बनियनमधला एक बारका माणूस बसलेला. मी म्हटलं, "मी रोज उत्तर देते, पण तुम्हाला ऐकू येत नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे तू नवीन आहेस," ते म्हणाले. मग मोठा उसासा टाकून आत हाक मारली, "अक्का, चहा टाका. अजून एक आलंय."

अक्का म्हणजे त्यांची बायको. चहा ठेवताना तिने मला बजावलं, "शिक, पण मग उडून जाऊ नको. यांनी किती जणांना शिकवलं. परवाना हातात पडला की एकेक गायब. कबुतरं पाळली असती तर परत तरी आली असती."

आबा हसले नाहीत. "खरंय," म्हणाले. "कंटाळा येतो. प्रत्येक जण पहिल्या दिवशी तेच विचारतो, एरियलची तार किती लांब लावू. मी तेच सांगतो. एक दिवस वाटतं, पाटी लिहून गळ्यात अडकवावी." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुझा काय प्रश्न?"

मी चहाचा कप तोंडाला लावला. मला तारेचंच विचारायचं होतं.

"विचार, विचार," ते म्हणाले, आणि तार किती लांब लावायची हे त्यांनी मला असं समजावलं, जणू ती गोष्ट त्या दिवशीच शोधून काढली होती.

परवान्याच्या परीक्षेला मोर्स यावं लागे, म्हणजे टिंब आणि रेघेची भाषा. मी हुशारी दाखवायला अख्खा तक्ता पाठ करून गेले होते. आबांनी चमच्याने ताटलीवर एक अक्षर वाजवलं. मी डोळे मिटून टिंबं मोजली, मनातल्या तक्त्यात शोधलं आणि बरोबर सांगितलं. तोवर त्यांची पुढची चार अक्षरं वाजून झाली होती. नवीन माणूस हीच चूक करतो. कानाने यायची गोष्ट डोळ्याने शिकून येतो, आणि मग ती पुसायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. "तुझी माय हाक मारते तेव्हा तू अक्षरं मोजतेस का?" आबांनी विचारलं. त्यांनी मला तक्ता पाहायची बंदी घातली. सुट्टीभर ते टेबलावर, खिडकीच्या गजावर, पाण्याच्या पिंपावर वाजवत राहिले आणि मी ओळखत राहिले. तारऑफिसात ते यंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा उभा करत, म्हणजे कट्टकट्ट मोठी ऐकू येई. तो डबा त्यांनी घरी आणला होता. माझं चुकलं की त्या डब्यावर परत वाजवत. "परत" एवढंच म्हणत. रागावले नाहीत कधी, पण प्रत्येक 'परत'मध्ये त्यांचा थकवा ऐकू यायचा. एखाद्याला त्यापेक्षा राग परवडला असता.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. नागपूरहून परत येताना भुसावळला उतरले. आबा म्हणाले, "बस. चहा घे. परत." दुसऱ्यांदा पास झाले.

मग सेट. आमच्याकडे तोवर विजेचा मीटर आला होता, बाकी काही नव्हतं. नेटवर आबांनी नुसतं सांगितलं, "धुळ्याला एक सेट उभा राहतोय," आणि वस्तू यायला लागल्या. जळगावच्या डॉक्टरांनी जुना व्हॉल्व्ह, म्हणजे सेटमधला काचेचा दिवा, एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडला. पिंपळनेरच्या मास्तरांनी तांब्याची तार दिली. आणि दुकान उघडायची घाई असलेले नाना स्वतः स्कूटरवरून आमच्या वस्तीत सेटचा ट्रान्सफॉर्मर घेऊन आले, दारातच ठेवला, पाणीही न घेता गेले. तार निंबाच्या झाडाला बांधली तेव्हा शेजारची मावशी म्हणाली, "काय वं, आता आभायमधून लाइट आनस का तुन्ही पोर?" वडील खोकत खोकत म्हणाले, "नही. जबाब देवाले जाई राहिनी."

त्या सकाळी आबांनी विचारलं, "थांबा. नवीन कोणी आहे का?" आणि मला ती शांतता कशासाठी असते ते कळलं. घरी जोडलेल्या सेटवर ऐकण्यातून बोलण्यात यायचं तर आधी तार इकडून तिकडे करायची, मग एक बटण, मग दुसरं, मग व्हॉल्व्ह तापू द्यायचा. कोणीही दुसरा नेट चालवत असता तर तोवर पुढे गेला असता. मी सगळं करून होईपर्यंत ती शांतता तशीच होती. मी इंग्रजीत वाक्य तयार ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "माले ऐकू येस का?"

नाना खो खो हसले. "आबा, हे कोणतं स्टेशन? आठवडे बाजार?"

"धुळे," आबा म्हणाले. "ऐकू येस बाई, बठ्ठं ऐकू येस. पुढे बोला." ओट्यावर ते मला अगं-तुगं करत, पण हवेत आल्यावर सगळ्यांना 'तुम्ही'.

मी कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली अक्षरं-आकड्यांची खूण, सांगितलं आणि मग नाव, शोभा. कोणीतरी, कोण ते मी इथे लिहीत नाही, लगेच विचारलं, "शोभा काय? आडनाव?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. शाळेत, कॉलेजात, लायब्ररीच्या खिडकीवर तो विचारला जायचा आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्याचा आवाज थोडा बदलायचा. मी बटणावर बोट ठेवून बसले. आबांचाच आवाज आला. "आडनाव परवान्यावर असतं. ते सरकारने वाचलंय. इथे कॉलसाइन पुरे. पुढचा प्रश्न विचारा." मग नानाच म्हणाले, "शोभाताई, तार किती लांब लावलीत?" घरात वडील भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांना बहुतेक काही कळलं नसेल. पण त्या दिवशी ते कामावर उशिरा गेले.

मी उडून गेले नाही. पदवी मिळाली, जळगावला शाळेत विज्ञान शिकवायला लागले, सेट बरोबर नेला. नव्वद साल मागे पडलं. बाकीचे मात्र अक्का म्हणाली तसे एकेक गायब झाले. आबा विचारत, आणि पुष्कळदा शांतताच येई. त्यांचा आवाज अजून दमला, शांतता अजून लांबली. "आबा, झोपलात का?" नाना विचारायचे. सगळे हसायचे. मीही हसायची.

मग एका सकाळी आबांनी विचारलं आणि उत्तर आलं. रावेरचा एक तरुण, आवाज बारीक पण स्वच्छ. त्याने कॉलसाइन सांगितलं. परत सांगितलं. आबा थांबले होते. मग म्हणाले, "बरं. नवीन कोणी नाही. जुने बोला."

नाना म्हणाले, "आबा, रावेर आहे. नवीन आहे." आबा म्हणाले, "बोला, नाना, तुमचं चालू द्या." रावेरचा आवाज आणखी एकदा आला, जरा खाली, आणि बंद झाला. मला तो आवाज ओळखीचा वाटला. मी ट्रान्झिस्टरला तोंड लावून असाच ओरडायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर भुसावळला गेले. अक्काने दारातच सांगितलं, "कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही गं त्यांना. कोणाला सांगू देत नाहीत." नेट ते सवयीवर ओढत होते. कोण कोणत्या क्रमाने, किती वेळ बोलतं हे त्यांना पाठ होतं. जुन्यांना ऐकावं लागतच नव्हतं. ऐकावं लागतं ते फक्त नव्याला.

मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं, "रावेर आला होता. तुम्ही पुढे गेलात." त्यांनी वाचलं. वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "म्हणजे संपलं. नानांना सांग, तुम्ही चालवा. ते लवकर आटपतील." मला पक्कं माहीत होतं, नाना पहिल्याच दिवशी दुकानाची वेळ पाहतील आणि ती शांतता जाईल. शांतता गेली की धुळ्याची, रावेरची, कुठलीच घरगुती सेटवाली पोरं परत कधी ऐकू येणार नाहीत.

रविवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसले. हेडफोन माझ्या कानाला, माइक त्यांच्या पुढ्यात. तंबाखूचा तो डबा मी टेबलावर पालथा घातला आणि त्यांचा पंजा त्यावर ठेवला. "आता काय?" ते वैतागले. मी पेन्सिलीने डब्याच्या कडेवर मोर्सचं एक अक्षर वाजवलं, कानाला नाही तर हाताला कळेल असं. जन्मभर यंत्राची कट्टकट्ट ऐकलेला माणूस तो. त्यांची बोटं आधी आखडली, मग सैल झाली.

"थांबा," ते माइकमध्ये म्हणाले. "नवीन कोणी आहे का?"

शांतता. नाना खाकरले, पण बोलले नाहीत. तेही थांबले होते. मग तो बारीक आवाज आला, भीतभीत. मी वाजवत गेले, अक्षरामागून अक्षर. आबांचे ओठ हलत होते.

"रावेर," ते म्हणाले. "रावेर, माफ करा, त्या दिवशी चूक माझी. बठ्ठं ऐकू येस. बोला."

त्या मुलाने काय विचारलं असेल? तार किती लांब लावू. मी वाजवलं तेव्हा आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अक्का आतून "काय झालं?" म्हणत आली. मग त्यांनी उसासा टाकला आणि पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली.

त्यानंतर दर रविवारी मी भुसावळला जायची आणि मी वाजवायची. बाकीचे दिवस नानांनी चालवले, आणि सांगायला हवं, थांबले. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी आबांनी पंजा डब्यावरून उचलला, माइक माझ्याकडे सरकवला. "आता तू विचार. मी थकलो," म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत गेलेच. अक्काने डबा मला दिला. वडील त्याच्या आधीच गेले होते.

खरं सांगते, या कामाचा कंटाळा येतो. शाळेचं काम, घरचं काम, आणि सकाळी सकाळी तेच तेच प्रश्न. शिकवलेली पोरं उडून जातात. तारेची लांबी सांगून सांगून माझाही उसासा आता आबांसारखा निघतो.

पण जिनिंगच्या हमालाची मुलगी पदवीधर झाली, परवाना मिळवला, आणि खान्देशचा नेट तिने चालवला. तो बंद पडला नाही. त्यावर नवीन माणूस अजूनही आधी बोलतो.