उलट्या हाताने या

मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा मी चक्की झाडत होते. फुलचूरच्या मोठ्या रस्त्यावर आमचं घर आणि त्याच आवारात आमची पिठाची चक्की. स्मशानघाट उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध मात्र डिव्हायडर. तिरडी उचलली तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘इकडूनच जाऊ जी, जवळ पडते.’ म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर. त्यावर हे, माझे यजमान, रडता रडता म्हणाले, ‘नाही जी, बाबूजी उठून बसतील.’ सगळे हसले... आणि मामाजी डावीकडून, चौकाला वळसा घालून गेले.

हा वळसा त्यांनीच आम्हाला लावला होता. रस्ता रुंद झाला तेव्हा डिव्हायडरमधला कट, म्हणजे वळायची मोकळी जागा, आपल्याच फाटकासमोर यावा म्हणून जो तो धडपडत होता. तो आला आमच्या फाटकासमोर. मामाजींनी गल्लीभर जिलेबी वाटली. पण झालं असं, की ज्याला वळायचं तो आमच्या आवारात तोंड घालून वळायला लागला. ऑटो, धानाचे ट्रॅक्टर, लग्नाची वरातसुद्धा. मामाजी चक्की सोडून रस्त्यात उभे राहायचे, डोक्यापासून पायापर्यंत पीठ. त्यांना बघून अनोळखी ड्रायव्हर आपोआप ब्रेक दाबायचे. त्यांना ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस पलीकडच्या वस्तीतली पोर दळण घेऊन कटातून आली आणि ट्रॅक्टरचा धक्का लागून पडली. कोपर खरचटलं, बाकी वाचली. रस्ताभर गहू सांडला. मामाजींनी घरचा गहू दळून तिचा डबा भरला आणि संध्याकाळी जाहीर केलं, ‘कट बंद करा म्हनून सांगून येतो.’

हे चिडले. ‘बाबूजी, अर्धं गिऱ्हाईक पल्याडचं हाय. चक्की बंद पडंल.’

‘चक्की पडली त पडली. लेकरू पडलं त कोन उचलंल?’

कट बुजला. आता येणाऱ्याने चौकातून वळून डाव्या हातानेच आत शिरायचं. तशी पाटी मामाजींनी स्वतः रंगवली, गोंदियाच्या रिवाजाप्रमाणे हिंदीत: ‘उल्टे हाथ से आइए’, म्हणजे डाव्या हाताने या. दुसऱ्याच दिवशी बिरसीकडचे दोघं धानाच्या कण्या घेऊन थेट उलट्या दिशेने, हॉर्न वाजवत हजर. मामाजी ओरडले, ‘काऊन रे, उलटे काऊन येऊन राहिले?’ ते पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘तुमीच त लिवलं ना जी!’ मामाजी पोत्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पाटी बदलली नाही, फक्त खाली एक बाण काढला.

तरी गिऱ्हाईक रोडावलंच. हे घरात फुगून बसायचे. मग एकदा एका मावशीने पलीकडूनच हाक मारली, ‘काकाजी, माहा नंबर लावा!’ मामाजींचा उजवा हात चक्कीच्या तोंडाशी गहू सारत होता, म्हणून त्यांनी डावा वर केला. मावशी चौकातून वळून येईस्तोवर तिची पाळी आली होती. हां हां म्हणता ही रीतच पडली. पलीकडून हात वर करायचा, मामाजींचा डावा हात दिसला की नंबर लागला. मग वळसा कोणाला लांब वाटेना, आणि कट पाहिजे असं कोणी म्हणेना.

तेरवी झाल्यावर चक्की विकायची की ठेवायची, हे बोलणं घरात निघालं. मशीन गंजू नये म्हणून मी घरचाच गहू टाकून चालू केली, एवढंच. मन कशातच नव्हतं. पीठ उडत होतं आणि मला मामाजींची भारी आठवण येत होती. तेवढ्यात पलीकडे एक बाई स्कूटी थांबवून हात वर करताना दिसली. माझा उजवा हात गव्हात होता... डावा केव्हा वर गेला, कळलं नाही.

ती चौकातून वळून आली, डबा ठेवला आणि आत इकडेतिकडे पाहू लागली.

‘काकाजी कुठं गेले वं?’ ती म्हणाली. ‘आत्ता त हात दाखवला त्याईनं.’

मी माझ्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत पांढरा झाला होता. रात्री जेवताना मी यांना सांगून टाकलं, चक्की मी चालवणार.