गफारभाई एक्झॉनरेट होतात

"रविवारी? कोणता सरकारी माणूस रविवारी काम करतो हो?"

सादरकर्ता अधिकाऱ्यांनी डायरीतल्या तारखा दाखवत असं विचारलं आणि खोलीतले सगळे हसले. मीही हसले असते. पण मी अपचाऱ्याच्या शेजारी बसले होते, त्यामुळे मला तोंड आवळून बसावं लागलं.

अपचारी म्हणजे ज्याच्यावर खात्याची चौकशी चालू आहे तो कर्मचारी. सादरकर्ता अधिकारी म्हणजे खात्याची बाजू मांडणारा. आणि मी बचाव सहायक. अशा चौकशीत आमच्याकडे वकील उभा करत नाहीत, खात्यातलाच कुणी मदतीला घेतात. गफारभाईंनी मला घेतलं, कारण मी आरोग्य खात्यात सीनियर क्लार्क होते, इंग्रजी ड्राफ्टिंग माझ्याकडे असायचं आणि ऑफिसात भांडायची वेळ आली की सगळे मलाच पुढे करायचे.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. शेख गफार आमचे मलेरिया वर्कर. राहणारे वसमतचे, ड्यूटी सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या बाजूला. काम असं की घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पट्टी लॅबला पाठवायची. गोळ्या समोर गिळायला लावायच्या. आणि निघताना घराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं तारीख आणि सही टाकायची, म्हणजे वरचा साहेब आला की त्याला कळतं, माणूस येऊन गेला.

झालं असं की हिवाळ्यात एक साहेब जीप घेऊन त्यांच्या हद्दीतल्या एका तांड्यावर गेले. बघतात तर घराघराला कुलूप. एक म्हातारा आणि चार शेळ्या, बस्स. सगळा तांडा ऊसतोडीला गेलेला. आणि गफारभाईंच्या डायरीत त्याच महिन्यात त्याच तांड्याच्या सदतीस काचपट्ट्या! नावं तांड्याची, गावाच्या रकान्यात तांडा. साहेबांनी तिथल्या तिथं ठरवलं की या माणसानं घरी बसून भलत्याच कुणाचं तरी रक्त घेतलं आणि नावं ठोकून दिली. लगेच निलंबन. मागोमाग दोषारोपपत्र. आरोप सिद्ध झाला असता तर बडतर्फी ठरलेली होती. चोवीस वर्षांची नोकरी पाण्यात.

वसमतच्या हॉटेलात लोक विचारायचे, "काय गफारभाई, आज कुणाचं रगत?" त्यांनी हॉटेलात जाणंच सोडलं होतं.

पहिल्या तारखेनंतर मी त्यांना बाहेर लिंबाखाली गाठलं. मला फार राग आला होता. आपल्याच माणसाची बाजू मांडायची आणि आपल्यालाच काही माहीत नाही, हे मला चालत नाही.

"गफारभाई, खरं सांगा. रक्त कुणाचं होतं?"

"तांड्याचंच, बाई."

"कुलपाचं?"

ते म्हणाले, "सांगितलं तर आणखी तकलीफ होईन."

"आता यापेक्षा काय होणार आहे? नोकरी चालली तुमची!"

तेव्हा कुठं माणूस बोलला. तांडा ऊसतोडीला गेला होता तो वसमतच्या बाजूच्या कारखान्याला. गफारभाई शनिवारच्या संध्याकाळी एसटीनं घरी यायचे. रविवारी सकाळी सायकल काढायचे आणि उसाच्या फडावर जायचे. तिथं त्यांच्या तांड्याच्या कोप्या, म्हणजे चटईच्या झोपड्या. तिथं रक्त घ्यायचे, गोळ्या द्यायचे.

"मग हे आधीच का नाही लिहिलंत?"

"अवो बाई, तो एरिया माझा न्हाई. हद्द सोडून गेलो म्हनून आणखी एक गुन्हा लागला असता."

"आणि गावाच्या रकान्यात तांडा काहून लिहिला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मीच वेडी आहे. "मानसं तांड्याची हायेत. फडाला गाव असतंय व्हय? माझी मानसं तिथं, अन् मी इथं कुलपाचं रगत घेऊ का?"

मी कपाळावर हात मारला. हसूही आलं. चोवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, छोट्या गुन्ह्याला भिऊन मोठा गुन्हा अंगावर घेऊन बसला होता.

पण पुरावा? कोप्या सीझन संपला की मोडतात. भिंत तर तिथं नव्हतीच. मी विचारलं, "तारीख-सही कुठं टाकायचात?"

"गाडीवर," ते म्हणाले. "बैलगाडीच्या मागच्या फळीवर. कोपीला कुठं लिवनार?"

मला त्याच जागी नाचावंसं वाटलं. कारण गाड्या सीझन संपला की परत तांड्यावर येतात!

पुढच्या तारखेला मी गाड्यांच्या फळ्यांचं सांगून अर्ज दिला. साक्षीदार मजुरी बुडवून जिल्ह्याला येऊ शकत नाहीत, तेव्हा एक दिवस चौकशी तांड्याजवळच्या आरोग्य केंद्रात घ्या. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, रिटायर्ड, कडक पण कान देणारे. म्हणाले, "ठीक. त्या फळ्या पुरावा म्हणून हजर करा."

मी तांड्याच्या नाईकांना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, निरोप पाठवला. उलट निरोप आला: फळी काढायची म्हंजे गाडी मोडायची. आमी गाडीच घेऊन येतो.

आणि आले की! ठरल्या दिवशी सकाळी आधी घुंगरांचा आवाज आला, मग धूळ, मग ओळीनं नऊ गाड्या. बैलांच्या शिंगांना गोंडे. गाडीत बाया, पोरं, भाकरीची गाठोडी. लग्नाचं वऱ्हाड यावं तसा तांडा चौकशीला आला. चौकशी अधिकारी व्हरांड्यात उभे राहून बघतच राहिले. सादरकर्ता म्हणाले, "सर, हे रेकॉर्डवर कसं घ्यायचं?" चौकशी अधिकारी म्हणाले, "बैल सोडून बाकीचं घ्या."

पहिली गाडी पुढे आली. मी वाकून फळी बघितली. ताजा निळा रंग! मालकानं पोराच्या लग्नासाठी गाडी रंगवून घेतली होती. दुसरी गाडीही तशीच, त्याच्याच भावाची. सादरकर्त्यांनी पेनाचं टोपण लावलं. गफारभाई खाली बसले.

तिसऱ्या गाडीची फळी काळीकुट्ट. उसाचा रस आणि चिखल यांचा जाड थर. एक अक्षर दिसेना. तेवढ्यात गाडीतून गोमाबाई उतरल्या. नाईकांची बहीण, हातात कोपरापर्यंत बलोती, म्हणजे पांढऱ्या बांगड्या. त्यांनी पाण्याची कळशी फळीवर ओतली आणि नारळाच्या काथ्यानं खसाखसा घासायला लागल्या.

"पाच पोरांच्या अंगाचा मळ काढलाय म्या," त्या सादरकर्त्यांना म्हणाल्या. "तुमी थांबा जरा."

आधी एक आडवी रेघ दिसली. मग आकडा. मग तारीख, खाली सही. मग दुसरी तारीख, तिसरी. मी डायरी उघडली, लॅबचं रजिस्टर दुसऱ्या क्लार्कच्या हातात दिलं. फळीवरची तारीख मी वाचायची, तो रजिस्टरमधून म्हणायचा, "बराबर!" चौथ्या वेळेपासून सगळा तांडाच "बराबर!" ओरडायला लागला. सात गाड्या, एकही तारीख चुकली नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी खिशातलं कॅलेंडर काढून पडताळलं. सगळे रविवार.

नियमाप्रमाणे प्रत्येक पुराव्यावर निशाणी नंबर घालावा लागतो. चौकशी अधिकाऱ्यांनी खडू मागवला आणि गंभीर चेहऱ्यानं गाड्यांवर नंबर घालत गेले.

सादरकर्त्यांनी गोमाबाईंना एकच प्रश्न विचारला. "यांनी तुमचं रक्त घेतलं, हे कशावरून?"

गोमाबाईंनी डाव्या हाताचं बोट सादरकर्त्यांच्या नाकापुढे धरलं. "हे बोट. दर खेपेला हेच मागायचा. म्हनायचा, भाकरी थापायचा हात नको. अन् गोळी कडू जहर! गिळस्तोवर हालायचा न्हाई मुडदा. म्या लई शिव्या दिल्या त्याला." मग गफारभाईंकडे वळून म्हणाल्या, "पन ताप गेला रं भाऊ."

गफारभाईंनी रुमाल तोंडाला लावला. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर मलाही रुमाल लागला असता.

चौकशी अधिकारी फक्त अहवाल देतात. आरोप सिद्ध होत नाही, असा अहवाल त्यांनी दिला. शेवटचा आदेश आमच्या बड्या साहेबांचा. त्यांना आदेश इंग्रजीत काढायची हौस. ड्राफ्ट माझ्याकडे टायपिंगला आला. मजकूर काय, तर संशयाचा फायदा देऊन केस क्लोज करण्यात येत आहे. मी तो कागद घेऊन तशीच केबिनमध्ये शिरले.

"साहेब, संशय कुठं उरलाय?"

"बाई, माणूस सुटला ना? मग शब्दाला काय करायचंय?"

"फाइल सुटली, साहेब. माणूस अजून तिथंच आहे."

इथं थोडं इंग्रजी सांगते. कोर्टात आरोपी सुटला की त्याला ॲक्विट म्हणतात. पाप माफ झालं की ॲब्सॉल्व्ह, ते चर्चमध्ये जास्त चालतं. पण खात्याच्या चौकशीत एखाद्यावर ठेवलेला ठपका पुरता धुऊन निघाला की लिहितात एक्झॉनरेट. आधी माणसाचं नाव येतं, मग कोणत्या आरोपातून ते. माझ्याजवळच्या जाड डिक्शनरीत लिहिलं होतं की मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओझं उतरवणं. म्हणजे त्यात कुणी कुणावर मेहेरबानी करत नाही. जे ओझं त्याचं नव्हतंच, ते काढून खाली ठेवतात.

हे सगळं मी साहेबांना एका दमात सांगितलं. ते चष्म्यावरून बघत राहिले.

"हे आत्ता वाचून आलात?"

"दुपारच्या डब्याच्या सुटीत."

"लिहा मग," ते म्हणाले. "आणि त्याच्या आधी 'फुल्ली' हा शब्द घाला. फुल्ली एक्झॉनरेटेड. आणि निलंबनाचा काळ ड्यूटी धरा. नाहीतर तुम्ही उद्या माझ्याकडेही गाड्या घेऊन याल."

मी आदेश घेऊन स्वतः तांड्यावर गेले. गफारभाई, नाईक, गोमाबाई, सगळे जमले. इंग्रजी वाचून दाखवलं. नाईकांनी विचारलं, "म्हंजे काय झालं, बाई?"

"गफारभाईंच्या डोक्यावरचं ओझं सरकारनं उतरवलं. ते त्यांचं नव्हतंच, असं सरकार लिहून देतंय."

"ते तर आमाला आधीच ठाव होतं," गोमाबाई म्हणाल्या. "सरकारला एवढा येळ काहून लागला?" आणि हलगी वाजायला लागली. मला दोन बायांनी धरून फेरात ओढलं. सीनियर क्लार्क असूनही मी मनसोक्त नाचले.

तिसऱ्या दिवशी गफारभाईंना मेमो आला. विनापरवानगी कार्यक्षेत्र सोडून गेल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा मीच लिहिला, एका ओळीचा: होय, गेलो होतो. त्यावर लेखी ताकीद मिळाली आणि तिची सर्व्हिस बुकात नोंद झाली. खात्यात इतकी वर्षं काढून मी शिकले ते हेच की निर्दोष माणूस एक वेळ सुटतो, सुटीच्या दिवशी काम केलेला सुटत नाही.

गफारभाई रिटायर झाले त्या दिवशी मी त्यांचं सर्व्हिस बुक समोर ठेवलं. त्यांनी पानं उलटली आणि ताकिदीच्या नोंदीवर बोट ठेवून हसले.

"बाई, ह्या पानाची झेरॉक्स देता का? घरी फ्रेम करून लावतो."