खिशात जळलेलं निकेल

मला वाटलं पित्त झालं. सकाळी कॅन्टीनमधले दोन गार वडे खाल्ले होते, तेव्हा छातीत जळजळतंय यात नवल काही नव्हतं. कारखान्याचं अर्धं अंगण मी ढेकर यायची वाट बघत ओलांडलं. मग टेरिकॉट जळाल्याचा वास आला आणि माझ्याच शर्टाच्या खिशातून धूर निघाला.

खिशात कागदाची पुडी होती, पुडीत निकेलची पूड. मुलुंडच्या आमच्या कारखान्यात तेलाचं वनस्पती तूप व्हायचं. गरम तेलात हायड्रोजन सोडायचा आणि तो तेलाला जोडून द्यायचं काम या निकेलच्या कणाकणाच्या पृष्ठभागावर चालायचं. पुस्तकात अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात, आम्ही कॅटॅलिस्ट म्हणायचो. हायड्रोजनमध्ये तापवून तयार केलेली कोरडी पूड हवा लागली की आपोआप पेटते. हे नव्या माणसांना बजावून सांगायचं काम कारखान्याने माझ्यावर सोपवलं होतं. त्या दिवशी भट्टीतला नमुना हाताला गार लागला, म्हणून मी तो अंगाऱ्यासारखा पुडीत बांधून निघालो होतो.

निघालो होतो साहेबांकडे. प्रयोगशाळेचे हे साहेब परदेशी जाऊन आलेले, आणि आलेले आहेत हे कुणी विसरू नये म्हणून मे महिन्यातसुद्धा टाय लावणारे. त्यांच्या ताब्यात एक्स-रे मशीन होतं. मशीनला एसी खोली, दाराशी चपला काढायच्या, दसऱ्याला झेंडूचा हार. पाहुणे आले की साहेब त्यांना दर्शन घडवायचे. प्रश्न मात्र त्या मशीनला कुणी फारसे विचारत नसे.

त्या महिन्यात तूप नीट आळत नव्हतं आणि दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता. साहेबांनी माझी अर्धवट जळकी पुडी उलगडली, पूड मशीनमध्ये ठेवली. पेन कागदावर हललं, रेघा उमटल्या. प्रत्येक पदार्थाच्या रेघा आपापल्या ठरलेल्या जागी येतात. या निकेल ऑक्साइडच्या, म्हणजे गंजलेल्या निकेलच्या.

"माल खराब आहे," साहेब म्हणाले. "सगळा फेकून द्या. आणि तुम्ही एक तारखेपासून पॅकिंगला."

"सर, ती माझ्या खिशात जळली. जळल्यावर ऑक्साइड होणारच."

"एक्स-रे खोटं बोलत नाही."

नाहीच बोलत. पण त्याला विचारलं काय होतं? स्मशानातली राख आणून माणसाचा आवाज कसा होता ते ठरवायचं, असली ही परीक्षा. आणि तिच्या निकालावर माझी उरलेली नोकरी तुपाचे डबे झाळून बंद करणाऱ्यांवर देखरेख करण्यात जाणार होती.

घरी बायको मेथी निवडत बसली होती. तिने शर्टाचं भोक बघितलं, माझी रडकथा ऐकली आणि खिसा काढून टाकते म्हणाली. मी सुस्कारा सोडून म्हटलं, "तुला बरंय. घरात बसून असतेस." तिने मान खाली घालून मेथीची पुढची जुडी सोडली. मला ती सहानुभूती वाटली.

मशीन चालवणारा घाटकोपरचा एक दोस्त होता. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, "पूड कामावर असताना बघायची. आत गॅस चालू, खाली आच चालू, आणि तशीच एक्स-रेखाली."

"येडा झालास काय रे? साहेबाच्या देव्हाऱ्यात हायड्रोजन सोडणार? स्फोट झाला तर?"

"पॅकिंगला जावं लागणार नाही."

वर्कशॉपमधून मुठीएवढी पोलादी डबी करून घेतली. आत तापवायची तार, गॅस यायला आणि खोलीबाहेर जायला नळ्या, आणि किरणांसाठी पातळ अ‍ॅल्युमिनियमची खिडकी. त्या पत्र्याच्याही रेघा कागदावर यायच्या, पण त्या ओळखीच्या, त्या वगळून वाचायचं. साहेबांनी परवानगी दिली ती विज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. शनिवारी डायरेक्टर लोक मशीन बघायला येणार होते आणि त्यांना दाखवायला काहीतरी नवीन हवं होतं.

शनिवारी त्याच मालातली पूड भरलेली डबी तापली, गॅस वाहू लागला, पेन सरकलं. ऑक्साइडच्या रेघा यायच्या तिथे पेन सपाट गेलं. पुढे निकेलच्या रेघा उभ्या राहिल्या, शुद्ध धातूच्या. मी त्या रेघांवर नुसतं बोट ठेवलं.

साहेबांना गप्प राहायची सवय नव्हती. "आत नक्की काय आहे ते दिसत नाहीये. उघडा."

मी आच बंद केली, हायड्रोजन काढून नायट्रोजन भरला, डबी गार होऊ दिली आणि उघडली. साहेब डायरेक्टरांना समजावून सांगत खाली वाकले. पूड निखाऱ्यासारखी लाल झाली आणि टायचं टोक आक्रसून वर गेलं. दोस्ताने कुणी न सांगता डबी पुन्हा लावली, पुन्हा कागद काढला. ऑक्साइड. दोन्ही कागद त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एका डायरेक्टरलासुद्धा ते समजलं.

"म्हणजे हवेत काढल्यामुळे बिघडतं?" त्यांनी विचारलं.

"एक्झॅक्टली," साहेब टाय लपवत म्हणाले. "हेच मी पहिल्यापासून सांगतोय."

माल वाचला, मीही वाचलो. दोष तेलात होता. ते नीट साफ होऊन येत नव्हतं. निकेलचा कागद फ्रेम होऊन साहेबांच्या खुर्चीमागे लागला, खाली साहेबांची सही.

त्या संध्याकाळी घरी मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. चालू काम न बघता, गार झाल्यावर बघून निकाल देणाऱ्या माणसाला मी कोणकोणती विशेषणं लावली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. बायको गवार मोडत होती.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा तुम्ही घोरत असता. पोरांची शाळा, रॉकेलची लाइन, सासूबाईंचं औषध, तेव्हा तुम्ही कारखान्यात. सगळं आवरून मी जरा टेकते तेव्हा तुम्ही येता, बघता, आणि म्हणता तुला बरंय. तुमचा साहेब निदान टाय तरी लावतो."