फ्लॅट हवाय, पाच तारांचा

ऑर्केस्ट्रात वाजवणं थोडं आणि थांबणं फार! माइकवाला येईपर्यंत थांबा, प्रमुख पाहुणे येईपर्यंत थांबा, ते आले की त्यांचं भाषण संपेपर्यंत थांबा. थांबलेली माणसं काही गप्प बसत नाहीत. बोलता बोलता किस्से साठत जातात, आणि एक सांगायला घेतला की मागे आणखी पाच-सहा रांग लावून उभे असतात.

आमची पार्टी चार जणांची. की-बोर्डवर धुळ्याचे नाना, निवृत्त गणित शिक्षक. कार्यक्रम ठरवणारे तेच आणि आमच्यावर ओरडणारेही तेच. ऑक्टोपॅडवर, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, सलीम, गाडीही तोच चालवतो. गायला सुनंदाअक्का, जळगावच्या, आरोग्य केंद्रात आयुष्यभर नर्स. आणि बेस गिटारवर मी. एरवी मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतो. दोन्ही कामं सारखीच आहेत. नीट झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत!

*

अक्कांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती. गाठ गेली, पण आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण जुनाच येईल असं नाही. अक्का आम्हाला म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांना आ करायला लावलं. आता माझाच आ निघत नाही!" आणि स्वतःच हसल्या. आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

पुढचे सहा महिने त्या फक्त निवेदन करत. गाणी नाना म्हणत. नाना पाढे म्हटल्यासारखे गातात. समेवर येताना 'बे दाहे वीस' म्हणतील असं वाटत राहतं.

एरंडोलला एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात नानांचं तिसरं गाणं सुरू झालं, तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून स्टेजजवळ आले. आम्हाला वाटलं, फर्माईश असेल. आजोबा नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही बसा. त्या बाईंना नुसतं बोलू द्या!"

*

त्यानंतरच्या तालमीला नाना म्हणाले, "अक्का, पट्टी खाली घेऊ या."

"खाली कुठपर्यंत? तळघरात?"

"जिथे सापडेल तिथपर्यंत."

अक्का पूर्वी काळी चारमधून गात. नाना की-बोर्डवर एकेक पट्टी उतरत गेले. काळी तीन, जमेना. पांढऱ्या पट्ट्याही झाल्या. काळी दोनला अक्कांनी एक ओळ म्हटली. जाड, खडबडीत, पण सरळ लागलेली.  सलीम रुमालाने ऑक्टोपॅड पुसायला लागला.

मग नाना माझ्याकडे वळले. "हा सा तुझ्याकडे आहे का? खालचा?"

नव्हता! चार तारांच्या बेसवर सगळ्यात खाली ई, म्हणजे पांढरी तीन, वाजतो, आणि अक्कांचा सा त्याच्या बरोब्बर एक पायरी खाली उतरला होता. मी म्हटलं, "नाना, पाचवी तार लागेल."

नाना म्हणाले, "मग आण. ही बाई एवढ्या खाली आली, तू एक पायरी उतरू शकत नाहीस?"

*

नाशिकहून जुनी पाच तारांची बेस आणली. सा मिळाला, पण कटकट सुरू झाली. साध्या तारेवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते. बोट सरकवलं की चुर्र वाजतं. पाचवी तार तर इतकी जाड, की तिच्यावर बोट सरकलं की पत्र्यावर खडू ओढल्यासारखं व्हायचं. दणदणीत गाण्यात ते खपून जातं. अक्कांच्या नव्या आवाजातलं संथ गाणं आणि मध्येच माझं चुर्र!

अक्कांनी दोन तालमी हे सहन केलं. तिसऱ्या तालमीत गाणं थांबवलं. एरवी आमच्याशी शुद्ध बोलणाऱ्या अक्का मनापासून चिडल्या की अहिराणीवर येतात.

"भाऊ, मना गळामा खरखर शे, तेवढी बस! तुना तारमा आखो कसाले?"

खरंच, त्यांच्या गळ्यातली खरखर पुरे होती, माझ्या तारेत आणखी कशाला? उपाय होता. फ्लॅटवाउंड तारा! त्यांच्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते. बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. आवाज गोल, दबका, ढोलकीच्या धुमावरच्या, म्हणजे मोठ्या तोंडावरच्या, थापेसारखा. आमच्यात त्यांना नुसतं 'फ्लॅट' म्हणतात.

*

जळगावात वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. दोन भाऊ चालवतात. धाकटे शेठ वाद्यं विकतात. मोठे शेठ त्याच दुकानात टेबल टाकून जागांचे, घरांचे व्यवहार बघतात. हे मला माहीत नव्हतं. मी गेलो तेव्हा धाकटे जेवायला गेले होते.

"शेठ, फ्लॅट मिळेल का?"

"मिळेल ना! कसा पाहिजे?"

"पाचचा."

मोठ्या शेठनी चष्मा लावला. "पाच खोल्यांचा? मोठी फॅमिली दिसते. रेंज काय धरू?"

तारांची जाडी आकड्यांत सांगतात. माझ्या डोक्यात तेच. मी म्हटलं, "पंचेचाळीस ते एकशे तीस."

शेठ उभेच राहिले. "लाख?" हे मला धड ऐकू आलं नाही, कारण ते लगेच बाहेर बघून ओरडायला लागले, "अरे, दोन स्पेशल चहा पाठव! आणि पंखा इकडे फिरव!"

चहा मी प्यालो. खरा प्रकार धाकटे शेठ आल्यावर उघड झाला. मोठ्यांनी शांतपणे चष्मा काढला आणि म्हणाले, "तार पाहिजे होती तर तार म्हणायचं. मी मनात तुम्हाला गॅलरी पूर्वेला दिली होती!"

*

आठ दिवसांनी पार्सल आलं. उघडलं तर आत चार तारा!

धाकटे शेठ म्हणाले, "पाचांचा सेट पटकन मिळत नाही. चार बदला, पाचवी जुनीच राहू द्या. तिला कोण ऐकतं?"

मला खरं तर सांगायला हवं होतं, की त्या पाचवीसाठीच सगळं चाललंय. पण हौस! चार फ्लॅट लावल्या, पाचवी जुनी ठेवली. चार तारांवर मखमल, आणि अक्कांच्या 'सा'वर आलो की झणझण.

अक्का ऐकून म्हणाल्या, "चार जण गादीवर आणि पाचवा पत्र्यावर! त्याचं काय चुकलं?"

*

शेवटी पुण्याच्या ओळखीच्या एका वादकाने पाचांचा सेट पाठवला. धुळ्याला नानांच्या घरी तालीम होती. उत्साहाने तिथेच लावायला बसलो. चार झाल्या. पाचवी लांब होती म्हणून पक्कड घेतली आणि सरळ कापली.

इथे एक गोष्ट सांगतो. फ्लॅट तार आधी काटकोनात वाकवायची असते, मगच कापायची. नाहीतर वरची पट्टी आतल्या गाभ्यावरून सैल होते आणि तार मरते. हे पाकिटावर लिहिलेलं होतं. पाकीट मी नंतर वाचलं!

वाजवून पाहिली. गोणपाटावर काठी मारल्यासारखा आवाज. सलीम कान देऊन म्हणाला, "भाऊ, ही तार नाही. दोरी आहे, कपडे वाळत घालायची."

 गणिताच्या शिक्षकाने चुकीच्या उत्तराकडे बघावं तसं नाना तारेकडे बघत राहिले. पुढच्या वेळी गेलो तर ती तार गच्चीवर दोन खिळ्यांच्या मध्ये बांधलेली. तिच्यावर कारल्याचा वेल चढवला होता. मला बघून म्हणाले, "निदान कारली तरी सुरात येतील!"

*

दुसरी तार आली ती मी स्वतः लावायचं धाडस केलं नाही. पाचोऱ्याला हार्मोनियम दुरुस्त करणारे एक आबा आहेत. त्यांच्याकडे गेलो. बेस गिटार त्यांनी जन्मात पहिल्यांदा हातात घेतली होती, पण घाबरले नाहीत. नवी तार जाड, मानेच्या टोकाची खाच अरुंद. आबांनी बारीक कानस घेतली. दोनदा घासायचे, फुंकर मारायचे, तार बसवून बघायचे. तासभर हेच.

"किती दिवस टिकतात या तारा?" त्यांनी विचारलं.

"फ्लॅट आहेत आबा. काही लोक दहा-दहा वर्षं बदलत नाहीत."

आबांनी कानस खाली ठेवली. माझा डावा हात ओढून बोटं उलटसुलट पाहिली. "तार टिकेल हो. या बोटांची गॅरंटी कोण देणार?"

पण खाच अशी केली होती, की तार तिथे जन्मली असावी.

*

पहूरला एका लग्नात साउंडवाला ओरडला, "बेस बंद आहे! बेस येत नाही!"

"येतोय," मी म्हटलं.

"मग ऐकू का येत नाही?"

फ्लॅटचं हेच असतं. त्यात कानाला टोचणारं काही नाही. साउंडवाल्याला वाटलं, वायर सुटली. त्याने तीनदा वायर काढून लावली. शेवटी नाना की-बोर्डवरूनच म्हणाले, "अरे, कानाला काय विचारतोस? पोटाला विचार!"

त्याने खरंच स्पीकरजवळ जाऊन पोटावर हात ठेवला. मग लांबून मला नमस्कार केला.

*

आणि हा किस्सा धुळ्याचा.

एका शिक्षिकेच्या निरोप समारंभात दुपारचा कार्यक्रम होता. हॉल भरलेला. अक्कांचं ऑपरेशननंतरचं पहिलं पूर्ण गाणं, तेही संथ. स्टेजवर चढण्याआधी मला म्हणाल्या, "बिघडलं तर नानांना सुरू करायला सांग." 

पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर लाइट गेली.

माइक गेला. की-बोर्ड गेला. ऑक्टोपॅड गेला. पंखे फिरत फिरत थांबले आणि हॉल एकदम शांत झाला. माझा स्पीकरही बंदच, पण बोटं सवयीने चालू राहिली. असल्या तारांचा आवाज विजेशिवाय हातभर लांबही जात नाही.

अक्का ओळीच्या मध्येच थांबल्या होत्या. खाली दोघं-तिघं उठले. एकाने मोबाइलचा टॉर्च लावला.

अक्का दोन पावलं माझ्याकडे आल्या. त्यांनी उजवा तळवा बेसच्या लाकडावर, तारांच्या खाली, सपाट ठेवला. डोळे मिटले. मी पाचव्या तारेवर त्यांचा सा धरून राहिलो.  मग त्यांनी गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. माइकशिवाय, त्या नव्या खालच्या आवाजात, त्यातल्या खरखरीसकट.

उठलेले लोक होते तिथेच बसले. मागच्या रांगांतले चपला काढून पुढे आले आणि स्टेजसमोर जमिनीवर बसले. टॉर्चवाल्याने टॉर्च बंद केला.

दुसरं कडवं आलं, आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "आली! लाइट आली!"

पंखे गरगरले. स्पीकरमधून घूं सुरू झालं. सलीमने काड्या उचलल्या.

अक्कांनी डोळे उघडले नाहीत. हातही काढला नाही.

नाना की-बोर्डमागून उठले, वाकले, आणि त्यांनी विजेच्या बोर्डातली मेन पिन काढून टाकली.