बेटावरच्या खुंट्या

मास्तर गेल्याचं मला पौडच्या एसटीत कळलं. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, आणि दुःखाआधी मनात आलं ते हे, की त्यांच्या वह्या आता कुणाच्या हाती पडणार?

दातेमास्तर पुण्याच्या कॉलेजात कीटकशास्त्र शिकवीत. माझ्या जन्माआधी मुळशी धरणात वडिलांचं गाव बुडालं, तेव्हा एका टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. मास्तर दर सुट्टीत होडीनं त्या बेटावर जात, खुंट्या ठोकत, प्रत्येकीला पांढरी चिंधी बांधत. वहीत आकडे उतरवायला मला सोबत नेत. धरणाच्या वेळी ज्याच्या शेतात मोजणीची खुंटी आली त्याचं शेत गेलं, हे ऐकतच मी वाढलेला. एकदा होडीवाल्या धोंडूमामांनी वल्हं थांबवून विचारलंच, "किडं मोजायला खुंट्या कशापायी लागत्यात, मास्तर?"

मास्तरांनी समजावलं. पश्चिम उताराला वारा-पाऊस झोडपतो, म्हणून तिथं आखूड पंखांचे, गवताला धरून राहणारे किडे. पूर्वेच्या आडोशाला झाडी, तिथं फुलपाखरं. उडणारे काठावरून ये-जा करतात. बिनपंखी मात्र पाणी चढलं तेव्हापासून तिथंच अडकलेत. दरवर्षी त्याच जागी मोजलं तरच बदल कळतो.

काठाला लागल्यावर मामा मला म्हणाले, "लई ग्वाड बोलतोय. मोजणीवालंबी असंच बोलायचं."

मी हातानं लिहून पत्रक वाटलं, 'किड्यांच्या आडून जमिनीची मोजणी'. खाली नाव घातलं नाही. मग मामांच्याच होडीतून जाऊन सगळ्या खुंट्या उपटल्या आणि पाण्यात फेकल्या.

पुढच्या सुट्टीत मास्तर भोकं शोधत हिंडले. पावसानं ती बुजली होती. आठ वर्षांच्या जागा गेल्या... "पुन्हा पहिल्यापासून," एवढंच मला म्हणाले. नव्या खुंट्यांना त्यांनी चिंध्या बांधल्या नाहीत. मला त्याचाही संशय आला. सरकारी मोजणी मात्र कधी आलीच नाही.

मास्तर गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या बहिणीनं एक पत्र्याचा डबा पाठवला. आत टाचणीला टोचलेले किडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी : जागा, उतार, गोळा करणाऱ्याचं नाव. तळाला माझं पत्रक अंथरलेलं. त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत तशीच चिठ्ठी टाचलेली : 'बेट. दोन्ही उतार. सर्व खुंट्या.' आणि पुढं माझं नाव.

"म्या न्हाई सांगितलं," मामा म्हणतात. मला खरं वाटत नाही. की अक्षरावरून ओळखलं असेल?

डबा माझ्या टेबलावर असतो. आता पत्रक लिहायला बसलो की आधी कागदाच्या तळाशी नाव लिहितो... मग वर मजकूर.