पहिल्या फोटोची पाळी

मावशीने आयुष्यभर लोकांचे उसवलेले कपडे शिवून दिले, आणि एक टाका वाकडा गेला तर सगळी शिवण पुन्हा उसवली. तिच्या नवऱ्याला, काकांना, झटका आला आणि माणसांची ओळखच पुसली गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरच्यांचे फोटो रोज दाखवा, ओळखायला लावा. मावशीने कंबर कसली. कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये फोटो घातले आणि रोज जेवणाआधी ती काकांना समोर बसवू लागली. मग त्यांना भरवायचं आणि उरल्या वेळात स्वतः उभ्याउभ्याच दोन घास खायचे, असा तिचा नेम झाला.

काही दिवसांत काका धडाधड सांगू लागले. बायको, थोरला, सूनबाई, न्हावी. मावशी हरखून गेली. मग एके दिवशी एक फोटो उघडलाच नाही. पडदा काळाच राहिला, आणि काका ठणकावून म्हणाले, "सूनबाई!"

मावशीच्या लक्षात आलं, फोटो रोज त्याच क्रमाने येत होते. म्हातारा पाढे म्हणत होता. म्हणजे रोजचं ते ‘बायको’सुद्धा पाढ्यातलंच!

भाची कॉम्प्युटरचं काम करायची. मावशीने तिला फोन लावला. "कुठला फोटो येईल ते मलाही कळता कामा नये, असं काहीतरी कर."

"मी लिहून पाठवते की."

"नको. तू सांग, मी लिहिते. बिघडलं की रोज तुझ्या दारात कुठे उभी राहू?"

भाचीने सांगितलं: फोल्डरमधल्या फाइली ओळीने लाव, कुठलाही एक आकडा उचल, त्या आकड्याची फाइल उघड. चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, पण मावशीच्या नाकी नऊ आले. कॉम्प्युटरला तिने ठेवणीतल्या शिव्या दिल्या. शेवटी चाललं. आता काका अडखळत, चिडत, पण चेहरा निरखून बघत. न्हाव्याचा फोटो आला तेव्हा त्यांनी आधी स्वतःची हनुवटी चाचपली, मग हसले.

मावशीचा फोटो मात्र एकदाही येईना. मधूनच स्क्रिप्ट अडायचीही. भाचीने पाहिलं. "मावशी, तू एकपासून मोजलंस. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. म्हणून पहिल्याची पाळीच येत नाही, आणि कधी शेवटच्याच्या पुढचा मागितला जातो, तो तर नाहीच." पहिला फोटो मावशीचा होता.

खरं तर तो येत नाही याचं मावशीला बरंच वाटत होतं; आला आणि ओळखलंच नाही तर? भाचीनेही ते ओळखलं. "राहू दे मग. नुसतं अडणं थांबवू."

"राहू दे काय? वाकडा टाका दिसल्यावर सोडू होय?" मावशीने सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे सुधारले.

फोटो आला तो काही दिवसांनी. मावशीने ओठ घट्ट मिटले, एक अक्षर सुचवलं नाही. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग ओट्यावर झाकून ठेवलेल्या ताटाकडे.

"ही," ते म्हणाले, "अजून जेवली नाहीये."

‘बायको’ हा शब्द काही आला नाही. मावशीने तो मागितलाही नाही. स्वतःसाठी दुसरं ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसली.